तोफेच्या बोल्टांना तेल

आमच्या देव्हाऱ्यात एक नट आहे. सिनेमातला नव्हे, बोल्टावर फिरवून घट्ट करतात तो. लोखंडी, सहा कोपऱ्यांचा, माझ्या मुठीपेक्षा थोडा मोठा. कुलदेवीचा टाक, बाळकृष्ण, शंख आणि त्यांच्याच ओळीत हा. रोज त्याला हळदकुंकू लागतं. सुरतेत भेस्तानला आमच्या शेजारी राहायला आलेल्या गुजराती काकी पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा त्यांनी त्याला शाळिग्राम समजून मनोभावे हात जोडले. आईने त्यांना काही सांगितलं नाही. "जोडू दे," ती नंतर मला म्हणाली, "तुझ्या आजोबांनी सोनंनाणं काही ठेवलं नाही, एवढं लोखंड ठेवलं. कुणाला तरी त्याचा उपयोग होऊ दे."

हा नट तोफेचा. खेळण्यातल्या किंवा किल्ल्यावरच्या तोफेचा नव्हे, दुसऱ्या महायुद्धात सुरतेच्या समुद्रकाठी शत्रूची जहाजं उडवण्यासाठी बसवलेल्या तोफेचा. आणि ती तोफ चालवणारे कोण, तर माझे आजोबा. आमच्या घरात मूल बोलायला लागलं की आधी आई-बाबा शिकतं आणि मग तोफ.

सुरतेत खान्देशातली माणसं काही थोडीथोडकी नाहीत. कुणालाही विचारा, तुमचे वाडवडील इकडे कसे आले? उत्तर एकच, लूमवर, म्हणजे कापडाच्या मागांवर आले. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, या प्रश्नाची वाटच बघत असतात. लग्नाची पंगत असो, दवाखान्यातला बाक असो, विषय निघायचा अवकाश, आबा खुर्चीत ताठ बसतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "आम्ही लूमवर नही उनूत. आम्ही तोफवर उनूत." घरात आमची बोली अहिराणीच. आबा बाहेर सगळ्यांशी गुजराती नाहीतर मराठी बोलतात, पण हे एक वाक्य अहिराणीतच बोलतात. दुसऱ्या भाषेत ते म्हणे फिकं पडतं.

गंमत अशी की आबा स्वतः जन्मभर लूमवरच होते. चाळीस वर्षं फिटर. नवीन माग आला की तो जमिनीत पक्का बसवायचा, बिघडला की उघडायचा, हे त्यांचं काम. पण ते सांगताना आवाज खाली यायचा. तोफेला मात्र चढायचा.

आईचं माहेर बारडोलीचं. तिचे वडील खान्देशातून ऊस तोडायला आले आणि तिथेच राहिले. आबांना हे चिडवायला फार बरं पडतं. "तुम्ही उसासाठी आलात," ते म्हणतात, "आम्ही देशासाठी." यावर आईचं उत्तर गेली पन्नास वर्षं तेच आहे. "ऊस तरी गोड लागस. तुमनी तोफ कोणी चाखी?"

आजोबांची गोष्ट थोडक्यात अशी. नंदुरबारकडचं आमचं गाव. तापीच्या काठाकाठाने रेल्वे सुरतेला येते, त्या गाडीत बसून विशीतले आजोबा कामाच्या शोधात इकडे आले. युद्ध चालू होतं. हजिऱ्याच्या बाजूला समुद्रकाठी सरकारचं बांधकाम निघालं होतं, तिथे ते काँक्रीट वाहायला लागले. बांधकाम संपलं, बाकीचे मजूर गेले, आजोबांना मात्र तिथेच ठेवून घेतलं. गावाकडे लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलीच्या बापाने विचारलं, जावई काय करतो? आजोबा म्हणाले, तोफेवर आहे. लग्न जमलं.

ती जागा अजून आहे. समुद्राकडे तोंड करून एक गोल चौथरा, पाच-सहा माणसं हात पसरून उभी राहिली तर कवेत येईल एवढा. त्याच्या मधोमध, घड्याळाच्या आकड्यांसारखे गोलात उभे बारा बोल्ट. मागे वाळूत अर्धी गाडली गेलेली एक विटांची खोली. बस्स. समोरचा समुद्र म्हणाल तर गढूळ, आणि ओहोटीला इतका लांब जातो की उरतो नुसता चिखल. शत्रूचं जहाज खरंच आलं असतं आणि वेळ चुकली असती, तर गोळ्याची गरजच नव्हती. त्या चिखलात रुतून त्यातले बिचारे खलाशी मदतीसाठी आजोबांनाच हाका मारत बसले असते. हे मी एकदा आजोबांसमोर बोलले होते. दोन दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

लहानपणी दर वर्षी खंडेनवमीला आम्ही तिथे जायचो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. लूमवाले मागांना झेंडूच्या माळा घालतात, सुतार करवतीला कुंकू लावतो. आमचं हत्यार समुद्रकाठी. म्हणून भेस्तानहून निघायचं, बस बदलत इच्छापोर गाठायचं आणि तिथून छकडा, म्हणजे पुढे मोटारसायकल आणि मागे फळ्या असलेली ती रिक्षा. आई मांडीवर डबे घेऊन, आजोबा झेंडूच्या माळा घेऊन, आबा ग्रीसचा डबा आणि लूमवरच्या पॉलिस्टरच्या चिंध्या घेऊन. शेवटचा तुकडा वाळूतून चालत. आईच्या चपलेचा अंगठा दर वर्षी तिथेच तुटायचा. दर वर्षी.

पोचलं की आधी काम. आजोबा एकेका बोल्टावरची गेल्या वर्षीची चिंधी सोडायचे, जुनं ग्रीस पुसायचे, नवीन लावायचे, नवी चिंधी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायचे. बाराच्या बारा. आणि हात चालू असताना तोंडही चालू. "रोज तेल द्यायचो. साहेब म्हणाला होता, बोल्टाच्या आट्यांवर, त्या गोल खाचांवर, गंज चढता कामा नये. पाऊस असो, वारा असो, रोज. साहेब गेला, तरी मला बस म्हणून कुणी सांगितलं नाही." हा भाग आम्हा पोरांना भयंकर कंटाळवाणा वाटायचा. तेल कसलं ऐकायचं? आम्ही वाट बघायचो ती पुढची.

मग माळा घालायच्या, नारळ फोडायचा. आजोबा चौथऱ्यावर उभे राहून धोतराचा सोगा खोचायचे आणि आबा, माझे चांगले मिशीवाले बाप, दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे.

"दादा, आवाज कसा व्हायचा हो?"

आजोबा गाल फुगवायचे. आम्ही पोरं पटापट कानांवर हात ठेवायचो. आणि आजोबा पोटापासून ओरडायचे, "धडाऽऽम!" लांबवर चिखलात बसलेले बगळे खरोखर उडायचे. आम्ही टाळ्या पिटायचो. आबाही पिटायचे. आई तेवढी डबे उघडत बसलेली असायची. "कानांवर हात ठेव की," आबा तिला म्हणायचे. "मी काय लहान पोर शे का?" ती म्हणायची आणि भाकरीवर ठेचा वाढायला घ्यायची.

थोडी मोठी झाल्यावर मला आबांची कीव यायला लागली. दर वर्षी तोच प्रश्न! माणसाने एखाद्या वर्षी तरी दुसरं काही विचारावं. तोफेचा पल्ला किती, गोळ्याचं वजन किती. हा माणूस फिटर, यंत्रातलं सगळं कळणारा, आणि बापापुढे उभा राहिला की डोकं घरी ठेवून आल्यासारखा एकच प्रश्न. मी बारावीत असताना आजोबा गेले. त्यानंतर ग्रीस आबांनी हातात घेतलं आणि धडामही. प्रश्न विचारायला आता माझा मुलगा, माझ्या भावाची मुलं. बोल्ट मात्र तसेच तुकतुकीत.

मधल्या काळात एक भानगड झाली होती, ती सांगायलाच हवी. तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं की लांबून एक कुटुंब येतं, बारा खुंटांना तेल लावतं, फडकी बांधतं, फुलं घालतं, नारळ फोडतं आणि मग एक म्हातारा मोठ्याने ओरडतो. त्यांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. एका वर्षी आम्ही गेलो तर चौथऱ्याच्या कडेला लाल चुनरी आणि झेंडा. गावातल्या बायका म्हणाल्या, ही तोप माता, नवसाला पावते. आबांनी समजावून बघितलं, पण एका बाईने त्यांनाच दरडावलं, "काका, तुम्ही पुजारी असून असं बोलता?" तेव्हापासून आबा तिथले पुजारी. आई अजून त्यांना कधी कधी "काय पुजारीबुवा" म्हणते. आबा चिडतात, पण प्रसादाचा पहिला पेढा त्यांनाच मिळतो, तो सोडत नाहीत.

तर अशी सगळी मजा चालू होती. गेल्या वर्षी तिथे एक बेन भेटल्या. शहरातल्या कॉलेजात इतिहास शिकवतात. किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांची माहिती गोळा करत होत्या. आबांना बघून त्यांना जणू घबाड मिळालं. दोन तास आबा बोलत होते आणि त्या लिहून घेत होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं की पंचायत तयार आहे, पुढच्या खंडेनवमीला इथे माहितीची पाटी लावू.

आबा म्हणाले, "पाटीवर माझ्या बापाचं काम लिहिलं पाहिजे. नाव नसलं तरी चालेल. काम पाहिजे."

"लिहूया की, काका," बेन म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण चेहरा बघावा तर नव्या नवरदेवाचा. पांढरा सदरा शिवून घेतला. मापात चूक झाली म्हणून पुन्हा उसवून शिवून घेतला. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक मजल्यावर आमंत्रण गेलं. "सुरतेत खान्देशी माणसाच्या कामाची पाटी कुठे बघितली का?" ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारायचे. "सगळं शहर आपल्या लोकांनी विणलंय, पण पाटी? एकही नाही. ही पहिली." यावर मी मुळीच हसले नाही. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पोरं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी आणि मैदानात गुजराती, आणि 'तुम्ही कुठले?' म्हटलं की खाली बघतात. आबांना ती पाटी का हवी होती ते मला पुरतं कळत होतं.

खंडेनवमीला पंधरा दिवस राहिले असताना बेनचा फोन आला. मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत होते.

"एक अडचण झाली आहे," त्या म्हणाल्या. "जुने सरकारी कागद मिळाले. तिथे चौथरा बांधला होता, माणसं ठेवली होती, हे सगळं बरोबर आहे. पण तोफ आली नाही."

"म्हणजे उशिरा आली?"

"आलीच नाही. येणार, येणार म्हणून पत्रं आहेत. मग युद्ध संपलं. तिथे कधीच तोफ नव्हती. काकांना कसं सांगू?"

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. पहिल्यांदा मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. पन्नास वर्षं मी ज्या तोफेला घाबरून कान झाकले, ती आलीच नव्हती! आमचा आजोबा गाल फुगवून नुसताच! आणि मग आबांचा तो दोनदा शिवलेला सदरा आठवला. या वयात त्यांना कोण सांगणार की तुमचा बाप तुम्हाला फसवत होता?

"बेन, हात जोडते," मी म्हटलं, "पाटीवर ते लिहू नका. तोफ होती असंही नको, नव्हती असंही नको. नुसतं गोल गोल लिहा."

त्यांना ते पटलं नाही. इतिहासाची बाई ती. पण शेवटी म्हणाल्या, "खोटं लिहिणार नाही. तेवढं वाक्य गाळते."

मी घरी आले आणि अळीमिळी गुपचिळी. कुणालाच सांगितलं नाही, आईला तर नाहीच. आईला कळलं असतं तर पन्नास वर्षांच्या उसाचा वचपा तिने एका संध्याकाळी काढला असता. वर मी आबांना जाण्यापासून थोपवायचेही प्रयत्न केले. म्हटलं, ऊन फार आहे. ते म्हणाले, टोपी आहे. म्हटलं, तुमचा गुडघा. ते म्हणाले, गाडी करू. म्हटलं, माझी शाळा आहे. म्हणाले, मग तू येऊ नको. शेवटी मी म्हटलं, बगळ्यांचा ताप आलाय तिकडे. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प पोळ्या लाटायला गेले.

खंडेनवमीच्या सकाळी घरात ओरडा. आई देव्हाऱ्यासमोर उभी. "अहो, देव गेला! तुमचा नट नाही जागेवर!" आबा आरशासमोर भांग पाडत होते. "सापडेल," एवढंच म्हणाले. एरवी त्या नटावर हळद कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

भाड्याची इको गाडी केली होती. इच्छापोरच्या पुढे दोन्ही बाजूंना कारखाने, आबा खिडकीतून ते बघत बसलेले. तिथे पोचलो तर पंचायतीची चार माणसं, गावातल्या बायका, बेन आणि त्यांचे काही विद्यार्थी. आईची चप्पल वाळूत तुटली. चला, म्हटलं, निदान एक गोष्ट तरी नेहमीसारखी झाली.

आधी ग्रीस. आबांनी खाली बसून बाराही बोल्टांचं काम केलं, पण एका बोल्टावर चिंधी बांधली नाही. तसाच उघडा ठेवला. मग पाटीवरचा कपडा काढला. गुजरातीत सुबक अक्षरं. आबांनी चष्मा चढवून सावकाश वाचलं. मजकूर असा होता, की हे युद्धकाळातलं तोफेचं ठाणं, किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलं, इथे बाहेरून आलेल्या कामगारांनी आणि स्थानिक माणसांनी पहारा दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी वाजवल्या नाहीत.

"बेन," ते म्हणाले, "यात माझ्या बापाचं काम कुठं आहे?"

बेननी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. ओहोटी होती, तोही लांब गेलेला.

"पहारा दिला असं आहे ना, काका. त्यात ते आलेच."

"पहारा सगळ्यांनी दिला," आबा म्हणाले. "तोफ आली नाही, हे का नाही लिहिलं?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. बेन पुन्हा माझ्याकडे बघायला लागल्या आणि आबांनी त्यांची नजर पकडली. माणूस चाळीस वर्षं बिघाड शोधत आलेला. ते माझ्याकडे वळले.

"तुले कव्हयपासून माहीत शे?"

"पंधरा दिवस झाले, आबा."

"माले पंचावन वरीस व्हई ग्यात," आबा म्हणाले.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून नट काढला. आई "अगं बाई" म्हणाली. आबांनी तो तळहातावर घेतला, हळदकुंकू बोटाने पुसलं आणि बेनच्या विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं. वर्गात मी जशी बोलावते तशीच.

"हे कोपरे बघा. सहाच्या सहा धारदार आहेत ना? नट घट्ट करायला पान्हा लावावाच लागतो. पान्हा एकदा जरी लागला तरी कोपरा मरतो. मी बावीस वर्षांचा होतो, लूमवर नवीन फिटर झालो होतो. चार महिने नटबोल्टांशिवाय काही बघितलं नव्हतं. एके दिवशी आंघोळ करून देवाला हात जोडले आणि नजर गेली. हा नट कधी कशावर चढलाच नव्हता. त्या वर्षी इथे आलो, बोल्ट बघितले. आटे कोरे. खाली काँक्रीटवर कसल्या बैठकीची खूण नाही. यंत्र बसलेली जमीन मी ओळखतो. इथे काही बसलंच नव्हतं."

"मग तुम्ही दादांना विचारलं नाही?" मी म्हटलं.

"विचारलं ना. त्याच दिवशी विचारलं." आबांनी नट दुसऱ्या हातात घेतला. "तोंडावर आलं होतं, दादा, तोफ कुठे होती? पण ते इथे उभे होते. सोगा खोचून. तू अजून झालेली नव्हतीस. लग्नात सांगितलेली तोफ, ती आता परत कुठे पाठवणार? म्हणून विचारलं, दादा, आवाज कसा व्हायचा? ते इतके खूश झाले. मग दर वर्षी विचारलं."

ज्या प्रश्नासाठी मी या माणसाला मनातल्या मनात ठोंब्या म्हणत आले, तो प्रश्न हा होता. आणि गेले पंधरा दिवस मी त्यांना वाचवत होते! मला माझीच लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही. पदराने डोळे पुसले.

आबा मात्र बेनशी बोलत होते. "घरातली तोफ घरात ठीक आहे. पाटीवर नको. तुम्ही म्हणता तोफेचं ठाणं. वाचणारा म्हणेल, तोफ होती. मग बोल्टांना तेल लावणाऱ्याला कोण विचारतो? तोफ नव्हती म्हणा, म्हणजे माझ्या बापाचं काम दिसेल. ते तेलाचं तेवढं खोटं नव्हतं बोलत. उद्या तोफ येईल म्हणून साहेबाने सांगितलं, तर रोज तेल दिलं. युद्ध संपलं, साहेब गेला, बस कर म्हणायला कुणी आलं नाही. मरेपर्यंत येत राहिले. आज तोफ आली तर आज बसवता येईल. हे काम आहे."

बेननी वही काढली. "काय लिहू, काका? तुम्ही सांगा."

आबांनी थोडा विचार केला. "लिहा, तोफ आली नाही. बोल्ट तयार होते."

बेननी ते तसंच उतरवून घेतलं. आता मी आईकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पन्नास वर्षं जिने त्या तोफेची टर उडवली, तिच्या हातात आज आयतं कोलीत आलं होतं. तुटकी चप्पल हातात घेऊन ती उभी होती. मी मनात म्हटलं, आई, आज नको गं. आबांच्या पाठीला वाळू लागली होती, ती आईने झटकली.

आबा गुडघा धरत खाली बसले. उघड्या ठेवलेल्या बोल्टावर त्यांनी नट टेकवला आणि दोन बोटांनी फिरवला. कुठे अडला नाही. आटा आट्यात गेला आणि नट गोल गोल फिरत खाली काँक्रीटपर्यंत जाऊन थांबला. आबांनी वर बघितलं नाही. "बसला," ते म्हणाले. हात तसाच नटावर होता आणि खांदे हलत होते.

मुलं लांब चिखलात खेकडे बघायला गेलेली. विचारायला कोणी नव्हतं. मग मीच पुढे झाले, पन्नाशीची बाई, शाळेतली मास्तरीण.

"आबा," मी म्हटलं, "आवाज कसा व्हायचा हो?"

आबांनी बाहीने नाक पुसलं. उठले, चौथऱ्यावर ताठ उभे राहिले आणि गाल फुगवले.

आईने हातातली चप्पल खाली टाकली आणि दोन्ही कान घट्ट झाकले.